जात्याचा वेग: एका चित्रपटाच्या संगीताचा अल्बम करताना

२ फेब्रुवारी, अंबाजोगाई

आजपासून अल्बमचं काम हातात घेतलं. चित्रपट ऊसतोडीला जाणाऱ्या एका जोडप्याचा. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून गाड्या भरून निघायच्या आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचं, अशा एका हंगामाची गोष्ट. महोत्सवांतून फिरून झाला आहे. संगीत मी केलं. त्याचा स्वतंत्र अल्बम व्हावा असं दिग्दर्शक मित्राच्याही मनात होतं, फक्त बसून काम करणारं कुणी हवं होतं.

हाताशी आहेत २७ क्यू, म्हणजे चित्रपटातले संगीताचे तुकडे. सगळे मिळून ३१ मिनिटं, पण त्यातले ११ क्यू अर्ध्या मिनिटाच्याही आतले. नावं अजून जुन्या पद्धतीची: १एम१ म्हणजे पहिल्या रिळातलं पहिलं संगीत, ३एम४ म्हणजे तिसऱ्या रिळातलं चौथं. ती नावं कामाला ठीक, ऐकणाऱ्याला त्यातून काही कळत नाही.

चित्रपटाच्या मिक्समधलं संगीत उचलून वापरायचं नाही, हे आजच ठरवलं. वेगळा म्युझिक स्टेम, म्हणजे मिक्समधला नुसता संगीताचा भाग, आहे माझ्याकडे, पण तो संवादांच्या तालावर चालतो. मुकादम बोलायला लागला की संगीत सात-आठ डेसिबलनं खाली बसतं, तो थांबला की वर येतं. पडद्यासमोर ते जाणवत नाही, जाणवूही नये. नुसता स्टेम ऐकला की मात्र मधेच कुणीतरी आवाजाचं बटण फिरवतंय असं वाटत राहतं. म्हणून मूळ सेशनपासून, म्हणजे सगळे ट्रॅक सुटे असलेल्या कामाच्या फाइलींपासून सुरुवात.

५ फेब्रुवारी

२७ पैकी २४ सेशन जशीच्या तशी उघडली. उरलेल्या तिनांत वापरलेली वाद्यांची लायब्ररी आता त्या आवृत्तीत मिळत नाही. तेव्हा प्रत्येक ट्रॅक वेगळा ऑडिओ करून ठेवला होता, त्यानं वाचवलं. पुढच्या प्रत्येक प्रकल्पात हे करायचंच. सेशन बंद करण्याआधी सगळे ट्रॅक शून्य मिनिटापासून ऑडिओत उतरवून ठेवायचे, म्हणजे दहा वर्षांनीही कुठल्याही संगणकावर एकाखाली एक लावता येतील.

९ फेब्रुवारी

तुकडे जोडायचं काम. सगळ्यांत जास्त वेळ यातच जाणार.

कारखान्यावर ऊसतोड मजूर कोप्या बांधून राहतात. पाचट, बांबू, वरून ताडपत्री. चित्रपटात या कोप्यांचे तीन प्रसंग आहेत: पहाटे तीनला उठून फडात निघणं, दुपारची लेकरं आणि रात्रीची चूल. तिन्हींना मी एकच धून दिली होती, आधी २६ सेकंद, मग ४१, मग ५२. वेगवेगळी ऐकली तर तीन अर्धवट वाक्यं. आज ती एकापुढे एक ठेवून पाहिली. पहिल्यात फक्त तंतुवाद्य, दुसऱ्यात बासरी येते, तिसऱ्यात खालचा खर्ज. सलग ऐकताना एक दिवस उगवून मावळतो.

जोड मात्र नुसती ओढून-ताणून बसत नाही. दुसरा क्यू तिसऱ्यापेक्षा थोडा जलद आहे, कारण तिथे मुलं पळतात आणि मी त्यांच्या पावलांवर वाजवलं होतं. आता पडद्यावर मुलं नाहीत. मग तो वेग कशासाठी? तरी तसाच ठेवला. मधे बासरीचा एकच स्वर आठ सेकंद लांबवला आणि त्याच्या आडोशानं लय उतरवली. हे नवीन वाजवावं लागलं. अल्बमसाठी थोडं वाजवायला हरकत नाही असं माझं मत आहे, पण चित्रपटात नसलेला भाव त्यात शिरता कामा नये.

लाइट दोनदा गेली. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करत नाही, त्याचा गुणगुणाट उतरतो.

१४ फेब्रुवारी

निर्मात्यांशी फोन. ध्वनिमुद्रणाचे हक्क त्यांच्याकडे आहेत आणि ते अल्बमला राजी आहेत. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रपटगृहाबाहेर संगीत वापरलं गेलं तर त्याच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकाराचा वाटा करारानं काढून घेता येत नाही. त्यामुळे आमच्यात वाद व्हायचं कारण नव्हतं.

अडचण दुसरी आहे. चित्रपटात जात्यावरची ओवी आहे, धारूरच्या डोंगरातल्या एका गावातल्या मावशींनी गायलेली. त्यांच्याकडून घेतलेला कागद फक्त चित्रपटापुरता. गाणाऱ्यालाही कायद्यानं परफॉर्मर म्हणून ५० वर्षांचा हक्क आहे. अल्बममध्ये ओवी घ्यायची तर त्यांना नव्यानं विचारायला हवं. त्या आत्ता कारखान्यावर आहेत, गाळप संपेपर्यंत येणार नाहीत. फोनवर विचारून उरकायची ही गोष्ट नाही.

२७ फेब्रुवारी

क्रम लावून पाहिला. चित्रपटाच्या क्रमानं लावला तर पहिले चार ट्रॅक एकाच पट्टीत, एकाच संथ चालीत येतात. कथेत त्या जागी माणसं वाट पाहत असतात, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती माणसं नसतात. म्हणून शेवटाजवळचा संबळ दुसऱ्या क्रमांकावर आणला. २७ क्यूंचे १३ ट्रॅक झाले. पाच छोटे क्यू पूर्ण सोडले. ते चित्रपटातच शोभतात.

सातव्या जागी ओवी. चित्रपटात ती जेमतेम ३८ सेकंद ऐकू येते, त्यावरही बैलांच्या घुंगरांचा आवाज आहे. माझ्या सेशनमध्ये ती पूर्ण चार मिनिटांची पडून आहे, खाली सारंगी आणि हार्मोनियम. खरं तर हा सगळा अल्बम करावासा वाटला तो या चार मिनिटांसाठी.

११ मार्च

मावशी परवा परत आल्याचं कळलं. आज केजवरून धारूरची एसटी, पुढे जीपनं गावात. अंगणात गाडीवरून उतरवलेलं सामान अजून तसंच: पत्र्याची पेटी, गुंडाळलेली ताडपत्री, दोन कोयते. मावशी अंगानं वाळल्यासारख्या वाटल्या. चहा झाला. मी म्हणालो, "मावशी, तुमची ओवी आणलीय ऐकवायला." त्यांनी ती कधीच ऐकली नव्हती. चित्रपट या बाजूला लागलाच नाही, आणि महोत्सवांच्या दिवसांत त्या फडात होत्या.

हेडफोन त्यांना नको वाटला म्हणून छोट्या स्पीकरवर लावलं. त्या पदर सावरून बसल्या, मान खाली. पहिली ओवी झाली, दुसरी झाली. मला वाटलं रडतील. त्यांनी मान वर केली ती कपाळाला आठ्या घालून.

"ह्ये जातं पळायलंय की," म्हणाल्या.

मला कळेना. त्या पुढे म्हणाल्या, "एवढ्या घाईनं कुनी दळत असतंय व्हय? भरडा पडंल नुसता, पीठ नाई पडायचं. आन् आवाज माजाच हाय, पर माज्या लग्नाच्या टायमाचा वाटायलाय."

सून हसली. मावशी हसल्या नाहीत. उठल्या, पडवीतल्या जात्याजवळ गेल्या, पायलीतून मूठभर ज्वारी घातली आणि खुंटा धरला. मी मोबाईलवर वेळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ४०. मग स्पीकरवरची ओवी पुन्हा लावून मोजले. ४३, पुन्हा मोजले तर ४४.

कराराचं बोललोच नाही. म्हणालो, मावशी, मी तपासून परत येतो.

१२ मार्च

रात्री दोनपर्यंत बसलो आणि सापडलं.

मूळ रेकॉर्डिंग मी हातातल्या रेकॉर्डरवर केलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात एका भजनी मंडळाच्या सीडीचं काम केलं होतं, म्हणून रेकॉर्डर ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने या दरावर राहिला होता. सीडीचा तोच दर. चित्रपटाचं काम ४८ वर चालतं. ती फाइल सेशनमध्ये घेताना दर बदलून घ्यायला हवी होती, मी ती तशीच ओढून टाकली. ४४,१०० नमुन्यांचा सेकंद ४८,००० च्या हिशेबानं वाजू लागला. म्हणजे वेग जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढला आणि स्वर पेटीच्या हिशेबानं साधारण दीड पट्टीनं वर गेला. चार मिनिटांची जी ओवी मी दोन वर्षं ऐकतोय ती मुळात ४ मिनिटं २१ सेकंदांची आहे. जात्याचे ४० फेरे ४३-४४ झाले ते यामुळेच.

माझ्या कानांनी हे का पकडलं नाही, याचंही उत्तर मिळालं. मूळ फाइलीत मावशींचा सा १७० हर्ट्झच्या आसपास आहे, पेटीवरच्या पांढरी तीन आणि पांढरी चारच्या मधोमध. त्यांनी पेटीवर गायलंच नव्हतं, जात्यावर गायल्या. त्यांचा सा कुठल्याही पट्टीत असण्याचं कारण नाही. पण वेग वाढल्यावर तोच सा १८५ वर गेला, म्हणजे नेमका काळी तीनवर. पेटीशी हुबेहूब जुळला. मला वाटलं, वा, किती सुरात गातात मावशी! त्यावर हार्मोनियम लावली, सारंगीवाल्यांना बोलावून वाजवून घेतलं, सगळं बेमालूम बसलं. स्वर जुळला याचा आनंद एवढा मोठा होता की आवाज त्यांचा आहे का, हे मी विचारलंच नाही.

ते सांगू शकणारं एकच माणूस होतं आणि ते सहा महिने कारखान्यावर होतं.

१५ मार्च

दिग्दर्शक मित्राला सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प होता. चित्रपट आता उघडता येणार नाही. मिक्स झालं, प्रती गेल्या. मी त्याला सांगितलं की अल्बममध्ये ओवी तिच्या मूळ वेगात येईल, याबाबतीत मी मागे हटणार नाही. तो म्हणाला, "मागे हटायला कोण सांगतंय? पण सारंगीचं काय करणार?"

तेच दोन दिवस करून पाहतोय. सारंगी आणि पेटी सॉफ्टवेअरनं दीड पट्टी उतरवून पाहिली. पेटी घशात कापूस कोंबल्यासारखी झाली. सारंगीची तर मजाच तिच्या तरफांच्या, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या खालच्या तारांच्या झंकारात असते, ओढून उतरवली की तो झंकार चिखलासारखा होतो. पुन्हा वाजवून घ्यायची तर सारंगी या मधल्या स्वराला लावता येईल, पेटीला येणार नाही. पेटीच्या पट्ट्यांचे सूर कायमचे बसवलेले, ते मावशींसाठी सरकत नाहीत.

मग पेटी बंद केली, सारंगी बंद केली आणि नुसती मूळ फाइल लावली, योग्य दरानं ४८ वर बदलून घेतलेली. आवाज खाली आला. त्यात घोगरेपणा आहे, श्वास आहे, ओळीच्या शेवटी जात्याच्या फेऱ्यासाठी थांबलेली जागा आहे. वाढलेल्या वेगात ती जागा बुजून गेली होती. खालून दगडाची घरघर येते, इतकी खालची की छोट्या स्पीकरवर ऐकूही येणार नाही. आता याच्या खाली काही ठेवायचं नाही. एवढंच.

२२ मार्च

ओवीनंतरचा आठवा ट्रॅकही संबळाचा, तुणतुण्यासोबत, काळी तीनमध्ये. आधी ओवीला लागून यायचा. आता ओवी १७० वर उतरल्यावर तो एकदम वरून आदळतो. दुसऱ्यांदा वाजवून घ्यायला तुळजापूरकडच्या गोंधळी मामांना विनंती केली. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईची यात्रा, त्याआधीच येतो म्हणाले, नंतर महिनाभर हाती लागणार नाहीत. आज आले.

मी ट्यूनर काढला होता. मामांनी तो पाहिला आणि बाजूला ठेवला. "बाईंचा आवाज लावा," म्हणाले. ओवी लावली. त्यांनी तुणतुणं कानाशी धरलं, तार छेडत छेडत खुंटी हळूहळू पिळली, थोडी मागे सोडली, पुन्हा पिळली. एका जागी तार आणि मावशींचा सा एकमेकांत असे मिसळले की दोन आवाज आहेत हे कळेना. नंतर उत्सुकतेपोटी मोजलं. १७०. एका तारेचं वाद्य, त्याला पट्टी ठरलेली नसते. जो गाईल त्याच्यापाशी ते जाऊन बसतं.

संबळाच्या चामड्याला थोडी ऊब दाखवावी लागली, खोलीत कूलरमुळे दमट झालं होतं. कूलर बंद, खिडक्या बंद, चाळीस मिनिटांत दोघेही घामानं निथळलो. तिसरा टेक ठेवला.

२८ मार्च

पुन्हा मावशींकडे. या वेळी स्पीकर मोठा नेला, घरघर ऐकू यायला हवी म्हणून.

पहिला फेरा ऐकताच मावशींनी मान हलवली. बोलल्या नाहीत. तिसऱ्या ओवीला ओठ हलायला लागले. ती त्यांची स्वतःची आहे, हे मला आजच कळलं. मी पारंपरिक समजत होतो.

सरला सरला ऊस । राह्यला बांधाचा तुकडा
माझ्या बंधवाच्या गावा । रस्ता जातोया वाकडा

"कधी सुचली?" विचारलं. म्हणाल्या, भाऊबीज चुकली त्या साली. तशी ती दरसाली चुकते, कारण दिवाळीत त्या फडावर असतात. पण त्या साली भाऊ आजारी होता.

मग करार. मी मराठीत एका पानाचा लिहून नेला होता. सुनेनं मोठ्यानं वाचला: ओवीच्या ट्रॅकमधून जे पैसे येतील त्यातला अर्धा वाटा मावशींचा, त्यांच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कशात वापरायची नाही, तिसरी ओवी त्यांची रचना म्हणून त्यांच्याच नावानं. सुरुवातीला थोडी रक्कम आजच द्यायची होती. ती पुढे केली तर मावशींनी हात मागे घेतला.

"ही उचल म्हनायची का?"

ज्यांनी मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, कधी घेतली नाही त्यांना या प्रश्नाचं वजन कळायचं नाही. उचल घेतली की हंगाम बांधला जातो. फिटली नाही तर पुढचाही बांधला जातो. मी सांगितलं, मावशी, ही फेडायची नाही. तुम्ही गायलात त्याचे हे पैसे, काम झालेलं आहे. त्यांनी सुनेला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "तसं लिव त्यात." कागदावर मी हातानं लिहिलं: ही रक्कम उचल नाही, परत करावयाची नाही. खाली माझी सही केली. त्यांनी त्यांची केली, एकेक अक्षर काढत.

नाव कसं लावायचं तेही विचारलं. सासरचं पूर्ण नाव, आणि पुढे माहेरच्या गावाचं नाव हवं म्हणाल्या. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रभरातून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं असतं, हे मी पाहिलं आहे. इथेही तसंच होईल.

५ एप्रिल

मास्टरिंग, म्हणजे ट्रॅकच्या आवाजावरचा शेवटचा हात. पुण्यातल्या मित्राकडे फाइली पाठवल्या. त्यानं पहिल्या फेरीत सगळे ट्रॅक सारख्या जोराचे करून पाठवले. स्पॉटिफायसारखी सेवा उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या जोराचं माप) आसपास आवाज आणून ठेवते, तो हिशेब धरून. ओवी संबळाइतकी मोठी झाली आणि मावशी माझ्या कानात ओरडू लागल्या.

त्याला लिहिलं की अल्बम एकत्र धर. संबळ जिथे पोचायचा तिथे पोचू दे, ओवी त्याच्या सहा डेसिबल खाली राहू दे. सलग अल्बम ऐकला की त्या सेवाही सगळ्या ट्रॅकना मिळून एकच फरक लावतात, आतला चढउतार मोडत नाहीत. शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे फाइल दाबून लहान केली तरी फाटणार नाही. आणि ओवीच्या खालच्या बाजूला काहीही कापायचं नाही. ३०-४० हर्ट्झला जी घरघर आहे ती आवाज साफ करायच्या नावाखाली बहुतेक वेळा पहिली उडवली जाते. इथे ती जातं आहे.

दुसरी फेरी बरोबर आली.

१० एप्रिल

कारकुनी. आयएसआरसी कोड लावले, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची ओळख म्हणून बारा अक्षर-अंकांचा वेगळा कोड. आपल्याकडे ते इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेमार्फत मिळतात. पुढे कुठेही वाजलं तर ते याच कोडावरून कळतं, म्हणून ओवीच्या कोडासमोर मावशींचा वाटा निर्मात्यांच्या नोंदीतही लिहून घेतला.

वितरकाच्या फॉर्ममध्ये मुख्य कलाकाराच्या जागी तेराही ट्रॅकना माझं नाव आपोआप आलं होतं. सातव्यावर ते काढलं. तिथे मावशींचं नाव, गावासकट. माझं नाव खाली, ध्वनिमुद्रण म्हणून. फॉर्मनं एकदा नाकारलं, नावात गाव चालत नाही म्हणे. त्यांच्या मदत कक्षाला तीन वेळा लिहिलं, तेव्हा गाव शीर्षकाच्या ओळीत घ्यायला मान्य झाले.

शीर्षकं देवनागरीतच दिली. ३एम४ चं झालं 'बांधाचा तुकडा', मावशींना विचारून.

१६ एप्रिल

अपलोड झालं. सुनेच्या मोबाईलवर सातवा ट्रॅक आधीच पाठवला, कार्डमध्ये टाकून ठेवायला सांगितलं. तिकडे रेंज धड नसते. संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, मामींनी, म्हणजे मावशींनी, बहिणीला बोलावलं होतं ऐकायला, दोघींनी तीनदा लावलं, तिसऱ्या वेळी बहीण पण म्हणू लागली. मागे मावशींचा आवाज येत होता, "इचार त्याला, समदी हाय का? मधी कापली तर नाई ना?"

सगळी आहे. सातवा ट्रॅक, ४:२१.